व्हिव्हिड लावणारे आंधळे, आणि तुम्ही डोळस?

झोपाळा: 'नवा टीव्ही आणल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय कराल' ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे भडक रंगांचा व्हिव्हिड मोड सोडून सिनेमा मोड लावा, शार्पनेस शून्यावर आणा, रंग वॉर्म टू, म्हणजे उबदार छटेचे करा. आणि ज्यांना ते पिवळट दिसतं त्यांनी डोळे तपासून घ्या! महाराज, आमचा हॉल पश्चिमेचा. आईला पडदे ओढलेले चालत नाहीत. चार वाजता ऊन थेट स्क्रीनवर येतं. तुमचा मोड लावला की नायक काळा, खलनायक काळा, वाडाही काळा. तुम्ही अंधार करून एकटे बघत असाल, आमच्याकडे टीव्हीसमोर भाजी निवडतात.

काटेकोर: पोस्ट माझीच. डोळ्यांचं वाक्य मागे घेतो, बाकी काही नाही. सिनेमा मोडमध्येच बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड वाढवा, एनर्जी सेव्हिंग बंद करा. ब्राइटनेसला हात लावू नका, बऱ्याच टीव्हींवर त्याने फक्त काळा राखाडी होतो. आणि 'पिवळट' म्हणजे काय? घरातल्या ट्यूबच्या खोक्यावर बघा, बहुतेक 6500 के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल. वॉर्म टूचा पांढरा साधारण तोच. ती ट्यूब कधी पिवळी वाटली?

सूनबाई: रंगाचं सोडा हो. आमचे सासरे जुन्या मालिका ताणून बघतात. दोन्ही बाजूंचे काळे पट्टे दिसले की 'पैसे पूर्ण स्क्रीनचे मोजलेत'. सगळ्या नायिका भोपळ्यासारख्या!

एकखांबी: सासरे बरोबर आहेत. जुन्या मालिकांचं चारास तीनचं चित्र रुंद टीव्हीवर पाव स्क्रीन रिकामी सोडतं.

काटेकोर: मग लग्नाचा अल्बमही चौकटीएवढा ताणून लावा.

एकखांबी: लग्नावर जायचं काम नाही.

सूनबाई: ताणणं परवडलं, सासऱ्यांनी आता चित्राच्या कडा कापणारं झूम शोधलंय. सबटायटल्स खालून गायब! पट्ट्यांवरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

फिरकी: मोशन स्मूदिंगवर कुणीच बोलत नाही? सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचतो आणि पडद्यावरचा थरार सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसतो. 2018 मध्ये खुद्द टॉम क्रूझने ते बंद करा म्हणून व्हिडिओ काढला होता.

एकखांबी: क्रूझ आमच्या हप्त्याचे पैसे भरतो का? मॅचला स्मूदिंग लागतंच.

फिरकी: मॅच मुळातच जास्त फ्रेमची असते. चेंडूमागे शेपूट दिसतं ना, ते तुमच्या स्मूदिंगचंच. बॉलर स्विंग करत नाहीये.

एकखांबी: शेपूट दिसतं, हे खरंय. पण मला आवडतं.

झोपाळा: धागा माझा, त्यावर भांडण पट्ट्यांचं. असो. एक सांगायचं राहिलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन म्हणाली, "टीव्ही बदललास? निळा दिसतोय." व्हिव्हिड मीच तिच्यासाठी लावला होता, आधी तिला सगळं मळकट दिसायचं. काल रात्री वॉर्म टू केलं. फक्त रात्रीसाठी. चार वाजता व्हिव्हिडच राहणार.

काटेकोर: दिवसाचा आणि रात्रीचा मोड वेगळा ठेवा, हे पोस्टच्या शेवटच्या ओळीत होतं. तिथपर्यंत कोण वाचतंय म्हणा.

झोपाळा: डोळ्यांच्या ओळीनंतर वाचलंच नाही.

सूनबाई: झूम बंद करायचं बटण कुठे असतं तेवढं सांगा कुणीतरी. सासरे फिरायला गेलेत.