जिप्सी किंग १९९८ : साठच्या पुढे पुढची चाकं नाचतात, आधी काय बघू?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, कार्बोरेटरवाली, सॉफ्ट टॉप. मूळची मामांची. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ती शेडमध्येच उभी होती, पाणी सीटच्या वर गेलं होतं. नंतर मामांनी इंजिन उघडून घेतलं, वायरिंग नवीन टाकलं, गाडी चालू झाली. खालच्या बाजूला मात्र कोणी हात लावल्यासारखं दिसत नाही. यंदा त्यांनी गाडी मला दिली.

त्रास असा की कुंभार्ली घाट चढून कोयनानगरच्या पुढे जरा सरळ रस्ता लागला, साठचा वेग आला आणि एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की पुढची दोन्ही चाकं नाचायला लागतात. स्टिअरिंग हातात राहत नाही. वेग चाळीसच्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून झालं, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंग डँपर टाक, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक.

मला पुढे दोन इंच लिफ्ट करायची आहे आणि २३५/७५ चे टायर घालायचे आहेत. तर डँपर आणि लिफ्ट एकदमच करू का? काम घरीच करणार. सॉकेट सेट, हायड्रॉलिक जॅक, ग्राइंडर आहे. अजून एक, दोन्ही पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने तपकिरी पातळ ग्रीस गळतं.

रानवाट_कोल्हापूर

माझ्या जिप्सीला सेम होतं. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे जोड, चारही बदलले, डँपर टाकला, विषय संपला. डँपर टाकून बघ भावा, तासाभराचं काम आहे. टायरमध्ये फुगा आलाय का तेही बघ.

शेडवाले_काका (सातारा)

वाशिष्ठीकाठ, डँपरचे पैसे आत्ता घालू नकोस. डँपर वॉबलिंग दाबून ठेवतो, जोडांमधला प्ले, म्हणजे सैलपणा, वाढतच राहतो, आणि ज्या दिवशी तो डँपरलाही आवरत नाही त्या दिवशी तू घाटात असतोस. रानवाट यांच्या गाडीचं मूळ टाय रॉड एंडमध्येच असणार, ते बदलल्यावर गाडी बरी झाली. तुझं दुखणं वेगळं दिसतंय. तपकिरी ग्रीसचं तू अगदी शेवटी लिहिलंस, मी तिथूनच सुरुवात करतो.

जिप्सीच्या पुढच्या हाउसिंगला, म्हणजे दोन चाकांमधल्या एक्सलच्या नळीला, दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्याभोवती नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, फिरतो, वर एक आणि खाली एक अशा दोन उभ्या पिनांवर, त्यांना किंगपिन म्हणतात. प्रत्येक पिनला एक छोटं टेपर बेअरिंग. नकलच्या आत ग्रीस आणि मागच्या बाजूला गोळ्यावर घासणारं सील. पुराचं पाणी गाळासकट या सीलमधून आत शिरतं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नसते. तळाला साचतं, म्हणजे नेमकं खालच्या किंगपिनच्या बेअरिंगवर. तुझ्या गाडीत ते २०२१ पासून बसलेलं आहे. तपकिरी रंग गंजाचा आहे.

खात्री अशी कर. पुढचा भाग उचलून हाउसिंगखाली लोखंडी घोडे लाव. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, आणि कोकणात सर्रास लावतात तसा जांभ्याचा चिरा तर अजिबात लावायचा नाही. चिरा सांगून फुटत नाही. आता चाक वर आणि खाली धरून हलव. खटखट लागली की घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एकमेकांना बांधले गेले. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलव, तिथे टाय रॉड एंड आणि ड्रॅग रॉड बोलतात. शेवटी गाडी जमिनीवर, कोणीतरी स्टिअरिंग थोडं थोडं दोन्हीकडे फिरवायचं आणि तू एकेका जोडावर हात ठेवून बसायचं. सैल जोड हाताला लगेच कळतो. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) बुशही तेव्हाच बघून घे, रबर चिरलेलं असेल तर हाउसिंगच सरकतं.

मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलं, तिथे हीच सवय लागली. चाकापासून सुरुवात करून आत आत जायचं आणि एक जोड तपासल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. जिप्सी या बाबतीत फार प्रामाणिक गाडी आहे. सगळं समोर दिसतं, सगळं पान्याने उघडतं, आणि नीट केलंत तर पुढची कित्येक वर्षं साथ देते. म्हणून ती पुराच्या गाळात सोडून द्यायची नाही.

लिफ्ट आणि टायर आत्ता बाजूला ठेव. नुसते लांब शॅकल टाकून पुढचा भाग उचलला की हाउसिंग फिरतं आणि किंगपिनचा मागे झुकलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. चाक आपोआप सरळ येतं ते त्या कलामुळे. तो कमी करून वर जड टायर घातलेस तर आज साठला होतं ते पन्नासला होईल. आधी गाडी कंपनीच्या मापात आण.

वाशिष्ठीकाठ

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. डावीकडे ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली. उजवीकडे दाबूनही तशीच. मग उजवी बाजू उघडायला घेतली. पुढच्या हाउसिंगचं ऑइल आधी काढलं, पूर्ण दुधाळ. कॅलिपर, डिस्क, हब, स्पिंडल काढून शाफ्ट ओढला तर नकलमधून आधी पाणी आलं, मग लाल चिखल. खालच्या किंगपिनच्या बेअरिंगचा पिंजरा तुटून रोलर एका बाजूला गोळा झालेत, आणि कपावर रोलरच्या जागी खड्डे आहेत, नखाला लागतात. वरचं बेअरिंग ठीक दिसतंय.

आता प्रश्न. वरचं राहू दे का? गोळ्यावर गंजाचे टोचे पडलेत, त्याचं काय करू? आणि किंगपिन किती घट्ट करायचे? मॅन्युअलमध्ये स्प्रिंग बॅलन्स लिहिलंय, ते डोक्यावरून गेलं. शिवाय चाक काढलं तेव्हा उजव्या मागच्या बाजूला चासीवर सडलेला भाग दिसला, स्क्रू ड्रायव्हर आत गेला.

शेडवाले_काका (सातारा)

वरचं ठेवू नकोस. चारही बेअरिंग कपासकट (कप म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी) नवीन घाल, डावी बाजूही उघड. तिकडे आज फक्त व्हील बेअरिंग बोलतंय, पण पाणी दोन्हीकडे सारखंच गेलं होतं. जुना कप पितळी ड्रिफ्टने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकत काढ. नवा बसवताना तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, तोपर्यंत ठोकत राहायचं. पिन आणि शिम (पिनखालच्या पातळ चकत्या) काढताना वरच्या वर आणि खालच्या खाली, वेगवेगळ्या डब्यांत ठेव.

गोळा : बारीक पॉलिश पेपर केरोसीनमध्ये भिजवून हाताने घास, ग्राइंडर लावू नकोस. उरलेले टोचे मेटल एपॉक्सीने भरून वाळल्यावर गुळगुळीत कर. सीलची ओठ जिथून फिरते तिथे बोट फिरवून खरखर लागता कामा नये, नाहीतर नवं सील पहिल्याच पावसाळ्यात फाटेल. हाउसिंगच्या टोकाशी आत शाफ्टचं सील असतं, तेही आत्ताच बदल. ते गेलेलं असलं की डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. आणि शाफ्ट परत घालताना खालून हाताचा आधार दे, त्याचं वजन नव्या सीलवर येऊ देऊ नकोस.

आता स्प्रिंग बॅलन्स. रद्दीवाल्याकडे हुकाचा काटा असतो तोच. शाफ्ट बाहेर, मागचं सील न बसवता, टाय रॉड सोडवलेला. किंगपिन शिमसकट घट्ट कर, नकल चार-सहा वेळा दोन्हीकडे फिरव म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील. मग टाय रॉडच्या भोकात हूक अडकवून काटकोनात सावकाश ओढ आणि नकल हलायला लागतो त्या क्षणीचा आकडा वाच. १ ते १.८ किलोच्या मध्ये हवा. कमी आला तर एक शिम काढ, जास्त आला तर घाल. मी जुन्या गाडीला दीडच्या आसपास ठेवतो. ही एवढी ओढ किंगपिनमध्ये असली की चाकाला नाचायला सुरुवातच करता येत नाही. तुझ्या उजव्या बाजूला काटा हललाही नसता.

शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटचे गोळे आणि पिंजरा केरोसीनने धुऊन उजेडात बघ, तडा नसेल तर चांगलं लिथियम ग्रीस भरून घाल. ऑइल सगळीकडचं बदल. पुढच्या हाउसिंगला २ लिटर, मागच्याला दीड, गिअरबॉक्सला १.३ आणि ट्रान्सफर केसला ०.८ लिटर लागतं. दोन्ही हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. ट्रान्सफर केस विसरतात लोक, ती वेगळी बसवलेली असते म्हणून. ब्रीदरच्या, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाते त्या, नळ्या फुंकून बघ. त्या गाळाने बंद असतील तर गरम हाउसिंग पाण्यात गेल्यावर सीलमधूनच पाणी ओढून घेतं, आणि मग ही सगळी मेहनत वाया.

चासीचं नाशिकचे मित्र सांगतील, त्यांचा हात त्यात चांगला आहे.

जुना_पत्रा (नाशिक)

काकांनी हाक मारली म्हणून लिहितो. जिप्सीची चासी बंद पेटीसारखी आहे, आतून सडते. बाहेर भोक दिसलं म्हणजे आत त्याच्या दुप्पट समजा. आधी पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा आणि प्रेशरने आतून धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. पुराचा गाळ अजून आत असणार. वाळल्यावर छोट्या हातोडीने पूर्ण लांबी ठोकत जा, जिथे आवाज बद्द येतो तिथे खडूने खूण.

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. वरून पट्टी मारून झाकायचं नाही. नवा तुकडा चासीच्याच जाडीचा, टोकं तिरकी. चासीवर सरळ उभी वेल्डिंग आली की त्या रेषेत पुढे तडा जातो. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. टाकी मागेच आहे, ती उतरवून लांब नेऊन ठेवा, नुसती रिकामी करून चालणार नाही, वाफेनेच भडका उडतो. वेल्डिंगची सवय नसेल तर हे एक काम जाणकाराकडून करून घ्या, बाकी सगळं घरी. नंतर झिंक प्रायमर, रंग, आणि आतून पातळ मेण किंवा तेल फवारा. गंजावर काळं डांबरी कोटिंग फासू नका. पाणी आत कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत चासी पोखरली जाते, वरून मात्र चकचकीत दिसते.

जिथे चासी नंबर ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर, पुट्टी काहीही लावायचं नाही. दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरणाला आरटीओत तोच नंबर तपासतात. लिफ्टबद्दलही विचार करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच आहे : कंपनीने नोंदवलेल्या मापात बदल चालत नाही. आरसी कधी संपते?

वाशिष्ठीकाठ

२०२८ ला. लिफ्ट रद्द. मूळ मापाचे २०५/७० च घेतो. चासीला शेजारच्या वाडीतले वेल्डर आहेत, ते पूर्वी बोटींचं काम करायचे, त्यांना बोलावतो.

दोन्ही बाजूंची बेअरिंग, सील किट आणि शिम पुण्याहून मागवलेत. काल उजवीकडचा काटा लावला. पहिल्यांदा २.४ आला, वर एक शिम वाढवल्यावर १.५. हाताने नकल फिरवला तर सगळीकडे सारखा जड, कुठे अडकत नाही.

शेडवाले_काका (सातारा)

छान बसलंय. आता सील बसव आणि डावी बाजूही याच आकड्याला आण, दोन्हीकडे ओढ सारखी हवी. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढून जितकी आत वळलेली असतात तो फरक, २ ते ६ मिलिमीटरमध्ये ठेव. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवलीस की किंगपिनचे बोल्ट आणि हबचे लॉकनट पुन्हा तपास, वॉशरची जीभ नटावर वळवलेली आहे ना तेही बघ. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर दिसला तर पुसू नकोस, तेवढा असायलाच हवा. ओघळ दिसला तर लिही.