एका फळीतून कापलेली कडी नको

सागवानाच्या एकाच फळीतून गाडीच्या स्टिअरिंग चाकाची संपूर्ण कडी, म्हणजे हाताने धरायचे बाहेरचे वर्तुळ, कापावी, ही आपली सूचना सोपी वाटली तरी मला ती धोक्याची वाटते. गोल कापताना कडीवर दोन ठिकाणी लाकडाचे रेषे आडवे येतात आणि जोर पडताच ती नेमकी तिथे तडकते. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या कडीच्या दोन्ही बाजूंना सागवानाच्या सहा-सहा तुकड्यांचे थर, एका बाजूचे सांधे दुसऱ्या बाजूच्या तुकड्यांच्या मध्यावर येतील अशा रीतीने, इपॉक्सी या पक्क्या गोंदाने चिकटवून रिव्हेटांनी आवळावेत, म्हणजे भार धातू पेलतो. ३८० मिलिमीटर व्यासाच्या कडीचा परीघ सुमारे १२० सेंटिमीटर भरतो, त्यामुळे लहान तुकडेही पुरतात. सागवान तेलकट असते. चिकटवण्याआधी सांधे अ‍ॅसिटोन या तेल काढणाऱ्या द्रावकाने पुसणे मी अनिवार्य मानतो.

राहिला लेपाचा प्रश्न. आमच्या बडोद्याजवळच्या संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवानावर लाखेचे जे काम करतात, ते मला अतिशय प्रिय आहे. तरीही लाख उष्णतेने मऊ पडते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती हाताला चिकटेल. अतिनील किरणांना टिकणारे पॉलियुरेथेन व्हार्निश पातळ थरांनी, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर घासून, चढवावे.