राणीछाप रुपयांची माळ घेतलोय, किती जुनी ते कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. दागिन्यातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगतो. मागच्या महिन्यात बायकोचं पैंजण दुरुस्तीला टाकायला एका सराफाकडं गेलो होतो, तिथं मोडीच्या ताटात ही चांदीच्या रुपयांची माळ पडलेली, संध्याकाळी आटवायला जाणार म्हणाला, आणि माझं मन काय राहीना. मालक म्हणाला दीडशे वर्षांची हाय बघा, खानापूरकडच्या घरातली, आणि तेवढ्यावर मोडीच्या भावापेक्षा साडेचार हजार जास्त घेतला. बायको अजून बोलालीय त्यावरनं.

एकूण अकरा रुपये. सहांवर 1862 साल, तीन त्याच व्हिक्टोरिया राणीचे पण नंतरच्या सालांचे (1884, 1892, 1901), एक एडवर्ड राजाचा 1906 चा, आणि एक राजाछाप 1944 चा. काळ्या रेशमात ओवलंय, मागं लाल गोंडा, गोंडा मात्र नवा वाटतो. कुठंच हॉलमार्क नाही. म्हणजे खोटं का? आणि 1862 चे सहा म्हणजे माळ तेव्हाचीच धरायची का? कुणी सांगाल का प्लीज.

प्रतिसाद १
हॉलमार्कचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडं चांदीला तो 2005 पासून आला, जुन्या दागिन्यावर कुठनं असणार. सालाचं खरं जरा वेगळं आहे. 1862 चा रुपया सरकारनं साल न बदलता 1874 पर्यंत पाडला, त्यामुळं ते सहा एकाच वर्षातले असतील असं काही नाही. 1877 पासून राणीच्या नावापुढं क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं, तुमचे पुढचे तिन्ही त्यातले. आणि नाण्याचं साल म्हणजे माळेचं साल नव्हे, लोक रुपये पेटीत साठवायचे आणि पोरीच्या लग्नात माळ करायचे. सगळ्यात नवीन रुपया कुठला ते बघायचं, माळ त्याच्या आधीची असूच शकत नाही.

प्रतिसाद २
बरोबर. खरं 1944 चा रुपया नंतर बदललेला पण असू शकतो. एखादा हरवला की घरात असेल तो लावायचे. ते कसं कळणार, तर दोरा ओवायला रुपयांना लावलेल्या कड्या बघा. भिंग घेऊन प्रत्येक रुपयाची कडी आतल्या बाजूनं किती झिजलीय आणि डाक (कडी रुपयाला जोडणारा सांधा) कसा लावलाय ते बघा. दहांचा एकसारखा आणि त्या एकाचा वेगळा असला तर माळ जुनी, रुपया नवा. तो रुपया रंगानं पण जरा मळकट दिसेल, 1940 पासून त्यात चांदी निम्मीच राहिली, आधी ती जवळपास 92 टक्के होती. आणि काही झालं तरी चिंच, टूथपेस्ट, उजळून देतो म्हणणारा दुकानदार, यांच्यापासनं लांब ठेवा. डाकाभोवतीचा काळपटपणाच तुम्हाला सांगणार आहे की कुठं हात लागलाय.

धागाकर्ता
पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग घेऊन बसलो रात्री. अकराच्या अकरा कड्या सारख्याच, जाड तारेच्या, हातानं वळवलेल्या, डाक राणीच्या मुकुटावर आलाय ओबडधोबड. 1944 च्याला पण तसाच, आणि आतनं झीज पण तेवढीच, दोऱ्यानं बारीक खाच पडलीय. म्हणजे सगळी एकदमच केलेली, 1944 किंवा त्यानंतर. दीडशे काय, शंभर पण नाही!

प्रतिसाद १
मग काय तर. रुपये जुने, माळ तुमच्या आज्जीच्या वयाची. खाच पडलीय म्हणजे कुणीतरी रोज घातलीय, नुसती पेटीत नव्हती. गोंडा बदलायचा असला तर पटवेकऱ्याकडं (दागिने रेशमात ओवून गोंडे करणारा) जा, सराफाकडं नको.

धागाकर्ता
थँक्यू दोघांना. साडेचार हजार फुकट गेले हे बायकोला अजून सांगितलो नाही, तिला मालकानं दीडशे वर्षंच सांगितलंय, राहूदे तसंच.