चेंडूची श्रेढी घड्याळाशी जुळत नाही. आणि हीच श्रेढी फॉरवर्डला, वर्गणीला लावता येते का?

श्रेढीवाला:
अकरावीसाठी गुणोत्तर श्रेढीवर (प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पटीत) दोन प्रात्यक्षिकं बसवायची आहेत.

१) टेनिसचा चेंडू फरशीवर १ मीटरवरून सोडला की साधारण ५५ सेंमी उसळतो. म्हणून गुणोत्तर क = ०.५५ घेतलं. चेंडू थांबेपर्यंतचा एकूण वेळ = पहिल्यांदा पडायला लागलेला वेळ × (१ + क) ÷ (१ − क). उत्तर येतं १.५६ सेकंद. स्टॉपवॉच तीन सेकंदांच्या पुढेमागे दाखवतं. इतका फरक हवेमुळे पडत नसणार.

२) 'त्यांनी केलं म्हणून आम्हीही' अशा गोष्टी, म्हणजे व्हॉट्सॲप फॉरवर्ड किंवा इमारतीतली वर्गणी, यांनाही हीच श्रेढी लावता येईल का?

टप्पा:
हवेचा दोष नाही. तुम्ही उंचीचं गुणोत्तर वेळेच्या सूत्रात घातलंत. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वेळ वेगाच्या. उंचीचं गुणोत्तर ०.५५, तर वेळेचं √०.५५ = ०.७४२. एक मीटर पडायला ०.४५२ सेकंद लागतात. ०.४५२ × १.७४२ ÷ ०.२५८ = ३.०५ सेकंद. एकूण अंतर काढताना मात्र ०.५५च घ्यायचं: १ × १.५५ ÷ ०.४५ = सुमारे ३.४४ मीटर.

मोजपट्टीने उंची मोजू नका. डोळा उसळीच्या पातळीत नसतो, आणि सोडताना चेंडूचा तळ धरून उसळीला माथा मोजला तर साडेसहा सेंमीची चूक तिथेच घुसते. आवाज मोजा. मोबाइल फरशीवर ठेवून रेकॉर्ड करा, फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक टप्प्याचा उभा काटा स्पष्ट दिसतो. दोन काट्यांमधला वेळ व असेल तर मधल्या उसळीची उंची = ९.८ × व² ÷ ८, म्हणजे १.२२५ × व² मीटर. ०.६७ सेकंदाला ५५ सेंमी, ०.५० सेकंदाला ३१ सेंमी. सलग दोन वेळांचा भागाकार म्हणजेच वेळेच्या सूत्रात घालायचा क (इथे ०.५५ नव्हे, ०.७४२). इथे सोडण्याची उंची लागतही नाही. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स ॲप हेच आपोआप करतं, पण वर्गातल्या गोंगाटात ते कुणाच्या खोकल्यालाही टप्पा समजतं. आवाजाची मर्यादा वाढवून ठेवा.

मुलं विचारणारच: टप्पे अनंत, मग चेंडू थांबतो कसा? वेळांची बेरीज सांत आहे म्हणून. शिवाय ०.५५च्या हिशेबाने बारावी उसळी १ मिलिमीटरच्या आत येते. त्या सुमाराला चेंडू जमीन सोडतो की नुसता थरथरतो, हे सूत्राला कळत नाही.

कोटीज्या:
वरच्या उत्तराला पुरवणी. क कायम राहतो असं धरणं हीच मोठी सूट आहे. टप्प्याचा वेग कमी झाला की क सहसा थोडा वाढतो. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांवरून काढलेला एकूण वेळ खऱ्यापेक्षा जरा कमी येतो. चार-पाच टप्प्यांचे वेगवेगळे क काढून फळ्यावर मांडा, मजा त्यातच आहे.

टेनिसचा चेंडू तसा सोशिक. नियमाप्रमाणे २५४ सेंमीवरून काँक्रीटवर सोडला की तो १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे, म्हणजे क ०.७३ ते ०.७६. टेबल टेनिसचा बघा: ३०.५ सेंमीवरून पोलादी ठोकळ्यावर टाकून २४ ते २६ सेंमी. क ०.८८७ ते ०.९२३. फरक किरकोळ वाटतो, पण (१ + क) ÷ (१ − क) एकाला सुमारे १७ येतं, दुसऱ्याला २५. दोन्ही चेंडू नियमात बसतात आणि तरी एक कागदावर ४.२ सेकंदांत थांबतो, दुसरा ६.३ सेकंदांत. क एकच्या जवळ गेला की छेद इतका लहान होतो की मोजणीतली बारीक चूक उत्तरात फुगून बसते.

टेबल टेनिसचा चेंडू दोन मीटरवरून मात्र टाकू नका. २.७ ग्रॅमच्या चेंडूला तिथे हवेचा रोध जड जातो आणि पहिला टप्पा बाकीच्यांशी जुळतच नाही.

उंबरठा:
दुसऱ्या प्रश्नाकडे. फॉरवर्डला श्रेढी लागते, पण अटींवर. एका माणसाकडून सरासरी किती *नव्या* माणसांपर्यंत निरोप जातो, ती संख्या र. र एकपेक्षा कमी असेल तर एकूण पोहोच = सुरुवातीचे ÷ (१ − र). दहांतला एक जण पुढे पाठवतो आणि पाच जणांना पाठवतो, तर र = ०.५; वीस जणांपासून सुरू झालेला निरोप चाळिसांवर संपतो. तिघांतला एक पाठवत असेल तर र = १.६७, आणि ही बेरीज निरर्थक ठरते. व्हॉट्सॲपने जुलै २०१८मध्ये भारतात फॉरवर्डची मर्यादा एका वेळी ५ चॅटवर आणली, आणि एप्रिल २०२०मध्ये आधीच खूप फिरलेल्या निरोपांसाठी १ चॅटवर. हिशेबात पाचाच्या जागी एक टाका: १.६७चे ०.३३ होतात. अर्थात चॅट म्हणजे माणूस नव्हे. पन्नास जणांचा ग्रुप असला तर हा आकडा पन्नासपट होतो.

मुलं हमखास चुकतात ती 'नव्या' या शब्दावर. दोनशे माणसांच्या सोसायटीत तिसऱ्या फेरीपासून तेच तेच लोक भेटू लागतात आणि र घसरतो.

वर्गणीला ही श्रेढी लावू नका. तिथे माणूस एका निरोपावर हलत नाही, किती जणांनी दिली ते बघून हलतो. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८चं उंबरठ्याचं प्रतिमान आहे. प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: 'आधी किती घरांनी दिली असेल तर तुम्ही द्याल?' हा आकडा म्हणजे त्या घराचा उंबरठा. आकडे चढत्या क्रमाने लावा. पहिला आकडा ० हवा, दुसरा १ किंवा कमी, तिसरा २ किंवा कमी, असं पुढे. जिथे पहिल्यांदा नियम मोडतो, तिथे साखळी थांबते.

बारा घरं घ्या: ०, १, १, २, ४, ६, ६, ७, ७, ८, ९, १०. सहावा आकडा ५ किंवा कमी हवा होता, तो ६ आहे. वर्गणी पाच घरांवर अडकली. आता एका ६च्या जागी ५ करा. बाराही घरं देतात! उंबरठ्यांची सरासरी ५.०८ वरून ५.०० झाली, एवढंच.

श्रेढीवाला:
उंचीचं गुणोत्तर आणि त्याचं वर्गमूळ यांत गोंधळ झाला होता, आता आकडे बसले. चिठ्ठ्यांचा प्रयोग वर्गात घेतला तर काय बिनसेल?

उंबरठा:
चिठ्ठी निनावी ठेवा, नाहीतर सगळेच १ किंवा २ लिहितात. 'कधीच नाही' हा पर्याय द्या आणि त्यासाठी घरांच्या संख्येइतका आकडा धरा, बारा घरांत १२. प्रतिमान असंही धरतं की प्रत्येकाला सगळ्यांचं दिसतं. प्रत्यक्षात माणसाला आपल्या मजल्यापुरतंच माहीत असतं. म्हणून दुसरी फेरी घ्या: प्रत्येकाने फक्त शेजारच्या चार बाकांवरचे हात (हात वर म्हणजे वर्गणी दिली) बघायचे, आणि उंबरठाही चारपैकी किती असा नव्याने लिहायचा. कोण कुठे बसलंय यावर उत्तर बदलतं. त्याच चिठ्ठ्या जागा बदलून पुन्हा चालवा.

कोटीज्या:
आणि हात एकदम वर करायला लावू नका. फेरी पुकारा, हात मोजा, आकडा फळ्यावर लिहा, मगच पुढची फेरी. फळ्यावरचा आकडा सलग दोन फेऱ्या तोच राहिला की थांबा.