प्रेसनोटपलीकडचं काम

'इंग्रजी चांगलं असलं की कॉर्पोरेट कम्युनिकेशन, म्हणजे कंपनीच्या वतीने माध्यमांशी बोलण्याचं काम, जमतं' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत खरी झुंज घड्याळाशी असते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियम 30 प्रमाणे संचालक मंडळाची बैठक बाजार चालू असताना संपली, तर निर्णय 30 मिनिटांत शेअर बाजाराला कळवावे लागतात. बाजार बंद झाल्यावर संपली तर सहसा 3 तास. कळवतो कंपनी सेक्रेटरी, म्हणजे कंपनीची कायदेशीर पूर्तता बघणारा अधिकारी, पण प्रेसनोट त्याआधी एकाही पत्रकाराकडे पोचली की प्रकरण शेकतं. म्हणून मसुदा आदल्या दिवशीच तयार, फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या. घोळही तिथेच होतो: 10 दशलक्ष म्हणजे 1 कोटी, मराठी नोटेत हे हमखास घसरतं. आणि मराठी नोट वेगळी लिहा हो, शब्दशः भाषांतर उपसंपादक वाचतही नाही.