मदत हवी आहे: शार्क आणि पाकट माशांची उत्क्रांती प्राचीन समुद्रांनी घडवली, हे पुराव्यानिशी कसे मांडावे?

सर्व सभासदांना नमस्कार.

मी ऐरोलीत राहते आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीच्या वर्गात कोळीवाड्यातील बरीच मुले आहेत. मुशी (म्हणजे शार्क) आणि पाकट हे मासे त्यांच्या रोजच्या ओळखीचे असल्याने विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी याच माशांच्या पूर्वजांचा विषय निवडला आहे. माहिती पुष्कळ जमली आहे, परंतु ती लिहिताना एक अडचण उभी राहिली आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

‘ज्युरासिक काळात उथळ समुद्र पसरले, म्हणून पाकट मासे निर्माण झाले’ असे फलकावर लिहावे, की ‘त्या काळच्या उथळ समुद्रातील गाळात पाकट माशांचे सर्वांत जुने जीवाश्म सापडतात’ एवढेच लिहावे? पहिल्या वाक्यात कारण सांगितले जाते, दुसऱ्यात केवळ नोंद आहे. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कास्थीचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचिक ऊतीचा असतो आणि तो सहसा टिकत नाही; हाती लागतात ते मुख्यतः दात, दातांसारखी रचना असलेले सूक्ष्म खवले आणि परांपुढचे काटे. हे अवशेषही जिथे गाळ साचला, त्याचा खडक झाला आणि पुढे तो खडक जमिनीवर उघडा पडला, तिथेच मिळतात. अशा स्थितीत जीवाश्म वाढलेले दिसले, तर मासे वाढले असे समजायचे की फक्त गाळाचे खडक वाढले असे?

मुलांनी जमवलेला पट साधारण असा आहे. शार्कच्या कुळाशी जोडले जाणारे सर्वांत जुने खवले सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे मिळालेला डोलिओडस हा शार्कसारखा प्राचीन मासा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. ३५.९ कोटी वर्षांपूर्वी डेव्होनियन काळ संपताना चिलखती मासे नष्ट झाले आणि त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळात कास्थिमत्स्यांची, म्हणजे शार्क, पाकट आणि त्यांच्या नातलगांची विविधता फार वाढली. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या बेअर गल्च येथील चुनखडीत त्या काळातील माशांची संपूर्ण शरीरे उमटलेली मिळतात. पुढे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचे पर्मियन काळाच्या शेवटचे महाविलोपन आले, सर्व खंड जोडलेला पँजिया हा महाखंड फुटू लागला आणि ज्युरासिक काळात पाकट माशांचे पूर्वज दिसू लागले.

पारसिकच्या डोंगरात शार्कचे दात शोधायला जाता येईल का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. आपले डोंगर दख्खनच्या लाव्हाचे असल्याने तिथे ते मिळणार नाहीत, हे मी तिला समजावले. मात्र भारतात असे पुरावे आहेत. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस या हायबोडॉन्ट गटातील (आता नामशेष झालेल्या) शार्कची नोंद २०२१ मध्ये झाली. तिचे वय १६ ते १६.८ कोटी वर्षे सांगितले जाते. गुजरातेतील वस्तान येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीतही इओसीन काळातील, म्हणजे डायनोसॉर गेल्यानंतरच्या काळातील शार्क व पाकट माशांचे दात मिळाले आहेत. वाळवंटात समुद्री मासा सापडतो, ही गोष्ट मुलांना इतकी भावली आहे की त्यामागचे कारण त्यांना नेमके आणि खरे सांगता यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद

नमस्कार मॅडम. मी भूशास्त्राचा अभ्यासक आहे आणि ठाण्यात राहतो. आपण केलेला भेद फार महत्त्वाचा आहे. तो फलकावरही दाखवावा.

खडकांच्या उपलब्धतेमुळे होणारी फसगत टाळण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे एकाच काळातील, सारख्याच टिकाऊ अवशेषांची तुलना करणे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या विलोपनात, म्हणजे डायनोसॉर गेले तेव्हा, शार्क आणि पाकट माशांच्या सुमारे ६२ टक्के प्रजाती नष्ट झाल्या, असे २०२३ मधील एका अभ्यासात दिसले. त्याहून बोलका भाग पुढे आहे. शार्कपेक्षा पाकट माशांच्या गटाची हानी अधिक झाली, कठीण कवचाचे प्राणी फोडून खाणाऱ्यांना मोठा फटका बसला, तर ज्यांचा वावर विस्तीर्ण समुद्रात होता त्या प्रजाती तुलनेने तगल्या. दात दोघांचेही टिकतात. त्यामुळे हा फरक केवळ खडकाने निर्माण केला असे म्हणणे कठीण आहे. इथे पर्यावरणाने निवड केली, असे लिहायला हरकत नाही.

चपट्या शरीराबाबत मुलांना एंजल शार्क अवश्य दाखवा. ती पाकट माशासारखी चपटी असते आणि वाळूत दडून बसते, पण कुळाने शार्कच आहे. दोन वेगळ्या शाखांमध्ये तळावरच्या जगण्याने सारखाच आकार घडला. करवतीसारख्या दातेरी लांब मुस्काटाचेही तसेच आहे. आपला करवत मासा पाकट माशांचा नातलग आहे, त्याच्या कल्ल्यांच्या फटी शरीराच्या खालच्या बाजूस असतात. सॉ-शार्क ही तशीच करवत असलेली शार्क; तिच्या त्या फटी कडेला असतात. दोघांची करवत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते तेव्हा ती केवळ योगायोग मानता येत नाही, आणि माझ्या मते कोणत्याही एकट्या जीवाश्मापेक्षा हा पुरावा अधिक वजनदार आहे.

मात्र प्रत्येक बदलामागे हवामान शोधू नये. सुमारे १.९ कोटी वर्षांपूर्वी खुल्या समुद्रातील शार्कची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, असे प्रशांत महासागराच्या तळाच्या गाळातील खवल्यांवरून २०२१ मध्ये मांडले गेले. त्या वेळच्या कोणत्याही ज्ञात मोठ्या हवामानबदलाशी ते जुळले नाही, आणि त्या निष्कर्षावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत.

आपल्या फलकासाठी मी असे वाक्य सुचवेन: ‘ज्युरासिक काळात भूखंड दुभंगताना उथळ समुद्रांचा विस्तार वाढला, अशा समुद्रांच्या तळावर दडून राहणाऱ्या आणि तिथलेच भक्ष्य शोधणाऱ्या माशांना चपटे शरीर उपयोगी पडले.’ यात समुद्राने मासा निर्माण केला असा दावा नाही आणि संबंधही सुटत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, मनःपूर्वक आभार. एंजल शार्कचा मुद्दा आजच मुलांना सांगते. फलकावरील वाक्य आपण सुचवल्याप्रमाणेच घेऊ. आणखी एक विनंती आहे. आमची मुले खाडीकाठची आहेत, तेव्हा खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर घडलेल्या उत्क्रांतीचे एखादे भक्कम उदाहरण मिळाले, तर प्रदर्शनाचा शेवटचा फलक त्यावर करता येईल.

प्रतिसाद

यासाठी दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे पाकट मासे घ्यावेत. बहुतेक शार्क आणि पाकट मासे रक्तात युरिया साठवून समुद्राच्या खारेपणाशी समतोल राखतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पाकट माशांनी ती क्षमता गमावली आहे, कारण त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून आत शिरले आणि पुढे कायमचे गोड्या पाण्यात राहिले. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग आजही मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरील समुद्रात आहेत. समुद्र भूखंडात शिरल्याचे खडक सांगतात, आणि नात्याचा पुरावा जनुकांतून स्वतंत्रपणे मिळतो. दोन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास गंगा शार्क घ्या. नद्या आणि मुखप्रदेशांशी जोडलेली ही अतिदुर्मीळ प्रजाती २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर आलेल्या मासळीत आढळली होती. ॲमेझॉनच्या पाकट माशाशेजारी तिचे चित्र लावता येईल; समुद्रातील पाकट मासे रक्तात युरिया साठवतात आणि ॲमेझॉनचे साठवत नाहीत, हे बाणांनी दाखवता येईल. करवत मासा आणि गंगा शार्क या दोन्हींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांचे अवयव प्रदर्शनात न ठेवता चित्रेच वापरावीत. बाजारातून आणलेल्या मुशीचा जबडा ठेवायचा असेल, तर आधी तिची प्रजाती एखाद्या मत्स्यतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी.