गरोदरपणाची नोंदणी झाली की 'किलकारी'चे कॉल आपोआप सुरू: बाईला आधी विचारायला नको का?

कुंपण
'किलकारी' ही गरोदरपणाची आणि बाळाच्या काळजीची माहिती फोनवर देणारी केंद्राची सेवा २०१६ पासून आहे, महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ रेकॉर्ड केलेले कॉल. मोबाइल नंबर आणि शेवटच्या पाळीची तारीख आरसीएच पोर्टलवरून, म्हणजे गरोदर बायका आणि बाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतून घेतात. माझा आक्षेप त्यावरच आहे. नोंदणीत बहुतेकदा नवऱ्याचा नंबर असतो, म्हणजे बाईच्या पोटाची बातमी कोणाच्या कानावर जाईल हे ती ठरवत नाही. आणि गर्भपात झाला, पण पोर्टलवर नोंद झाली नाही, तर कॉल येतच राहतो. कायद्याने गर्भपात गोपनीय, घरात मात्र फोन बोलतो!

पाचवा महिना
विचारून सुरू केलं तर कोण 'हो' म्हणेल? जिला आधीच माहिती आहे, ती. जी वाचू शकत नाही, जिच्या घरी सल्ला द्यायला कोणी नाही, ती राहून जाईल. ग्राम आरोग्य व पोषण दिवशी एएनएमपुढे (आरोग्यसेविकेपुढे) रांग असते. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन. त्यात संमती म्हणजे नुसती खूण होणार. शिवाय सलग सहा आठवडे कॉल पाव भागसुद्धा ऐकला नाही, तर सेवा आपोआप बंद होते.

कुंपण
सहा आठवडे! ज्या घरात मूल गेलंय तिथे एक कॉलही जास्तच. आणि सासू शेवटपर्यंत ऐकत राहिली, तर तो बंदही होणार नाही.

नोंदवही
संमतीवर भांडण्याआधी नंबर आणि तारीख नीट करा, निम्मा गोंधळ तिथेच आहे. नोंदणीच्या वेळी दिलेल्या नंबरवर तिथल्या तिथे रिंग द्या. वाजला नाही, तर अंक चुकलाय किंवा सिम बंद आहे. वाजला तर विचारा: फोन कोणाचा, दिवसा कोणाजवळ असतो, यावर बाळंतपणाचा कॉल आला तर चालेल का? दोन मिनिटांचं काम, आणि संमतीही यातच येते. पाळीची तारीख 'पोळ्याच्या आसपास' अशी सांगितली जाते. पुढे सोनोग्राफीत महिन्याचा फरक निघतो, तो माता-बाल कार्डावर दुरुस्त होतो, पोर्टलवर राहून जातो. मग लोहाच्या १८० गोळ्या कधी सुरू करायच्या हे सांगणारा कॉल उशिरा येतो आणि बाळंतपणाची तयारी सांगणारा कॉल बाळ झाल्यावर.

पाचवा महिना
हे पटलं. पण नवऱ्याचा फोन हा तोटाच आहे असं धरू नका. 'किलकारी'च्या मध्य प्रदेशातल्या चाचणीत निव्वळ स्तनपानावर (बाळाला फक्त आईचं दूध देण्यावर) फरक दिसला नाही, गर्भनिरोधकांचा वापर मात्र थोडा वाढला. पाळणा लांबवायचा निर्णय दोघांचा असतो. नवऱ्याच्या कानावर ते पडणं मला फायद्याचंच वाटतं.

कुंपण
पडू दे, पण तिने सांगितल्यावर. आपोआप सुरू करायचंच असेल, तर थांबवणंही तितकंच सोपं हवं. मूल गेल्याचं गावात सगळ्यात आधी आशाला कळतं, पोर्टलवर नोंद मात्र दुसरं कोणीतरी सवडीने करतं. आशाच्या नोंदणीकृत नंबरवरून एक मिस्ड कॉल आला की त्याच दिवशी कॉल थांबावेत. कागद मागाहून होऊ देत.